बाळाची पहिली काळी शी आणि पेशींचा लांबचा प्रवास

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की शेजारपाजारच्या बायका बाळ बघायला येतात. वजन किती भरले, नाक कोणावर गेले, दूध पुरते का, रात्री झोपू देते का, अशी विचारपूस होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बाळाने पहिली शी कधी केली? तो प्रश्न आम्ही या वेळी आरोग्याच्या पानावर मुद्दाम घेतला आहे. कारण त्याच्या उत्तरावरून एखाद्या बाळाचा जीव वाचू शकतो.

नऊ महिने भरून जन्मलेले निरोगी बाळ बहुधा पहिल्या २४ तासांत शी करते. ती काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ४८ तासांपर्यंत जवळजवळ सगळ्या बाळांची होते. जे बाळ दोन दिवस झाले तरी शी करत नाही, ज्याचे पोट टम्म फुगते, जे दूध घेत नाही किंवा हिरवी उलटी करते, त्याच्या आतड्यात काही अडले असण्याची शक्यता असते. अडण्याची कारणे अनेक आहेत. त्यातल्या एका कारणाचे नाव हर्शस्प्रंगचा आजार. साधारण पाच हजार जन्मांत एका बाळाला तो होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत चौपट आढळतो.

हा आजार कसा होतो हे समजून घ्यायचे तर बाळ आईच्या पोटात अगदी तांदळाच्या दाण्याएवढे असते तेव्हापासून सुरुवात करावी लागते. विषय थोडा शास्त्राचा आहे, पण अवघड नाही. तो कळला की आईला दोष देण्याचे, बाहेरची बाधा शोधण्याचे आणि बाळाच्या पोटावर चटके देण्याचे कारणच उरत नाही. म्हणून वाचकांनी, विशेषतः घरातल्या आजी आणि सासूबाईंनी, हे शेवटपर्यंत वाचावे किंवा कोणाकडून वाचून घ्यावे.

मुंबईतली बारा बाळे

१९८१ साली मुंबईतले बालरोगतज्ज्ञ डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पाच कुटुंबांतल्या बारा बाळांची ती माहिती होती. या बाळांच्या कपाळावरची केसांची बट जन्मतःच पांढरी होती. भुवया आणि पापण्याही पांढऱ्या होत्या. आणि याच बाळांचे आतडे अडलेले होते. आतड्याच्या बऱ्याच मोठ्या भागाला हालचालच नव्हती.

केसांचा रंग आणि आतड्याची हालचाल यांचा एकमेकांशी काय संबंध? एक डोक्यावर, दुसरे पोटात. आपल्याकडे अशा बाळाला बघून कोणी कोड म्हणेल, कोणी शाप म्हणेल, कोणी आईने गरोदरपणी काय खाल्ले याचा हिशेब मांडेल. डॉक्टरांनी तसे केले नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाळात पुन्हा पुन्हा दिसतात तर त्यांचे मूळ एक असले पाहिजे, असे त्यातून दिसत होते. डच डॉक्टर वार्डेनबर्ग यांनी १९५१ साली पांढरी बट, डोळ्यांचा वेगळा रंग आणि बहिरेपणा एकत्र असलेल्या माणसांचे वर्णन केले होते. मुंबईच्या या निरीक्षणानंतर आतड्याच्या आजारासह येणाऱ्या प्रकाराला जगभर वार्डेनबर्ग-शाह असे नाव मिळाले.

दोन्हींचे मूळ खरोखरच एक आहे. केसांना आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याला हलवणाऱ्या चेतापेशी या दोन्ही एकाच जागेहून निघतात. ती जागा आहे गर्भाची पाठ.

पाठीवरून निघालेल्या पेशी

गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असताना त्याच्या पाठीवर एक लांब पन्हळ तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर येतात, एकमेकींना मिळतात आणि नळी बनते. या नळीपासून पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातली चेतारज्जू घडते. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत ही नळी दोन्ही टोकांना बंद होते.

ज्या कडा एकमेकींना मिळाल्या, त्या कडांवर काही खास पेशी असतात. शास्त्रज्ञ त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. क्रेस्ट म्हणजे माथ्यावरची कड, जशी घराच्या छपराची वरची कड असते. आपण त्यांना प्रवासी पेशी म्हणू. कारण शरीरातल्या बहुतेक पेशी जिथे तयार होतात त्याच्या आसपासच राहतात, पण या पेशी आपली जागा सोडून दूर दूर जातात.

त्यांच्यातल्या काही पुढे येऊन चेहरा घडवतात. जबड्याचे हाड, गालाचे हाड, दातांचा आतला भाग त्यांच्यापासून होतो. काही कातडीखालून सरकत जातात आणि रंग देणाऱ्या पेशी बनतात. काही हृदयाजवळ जाऊन तिथून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या वेगळ्या करायला मदत करतात. आणि मानेच्या बाजूने निघालेल्या काही पेशी अन्ननलिकेत शिरतात. तिथून जठर, लहान आतडे, मोठे आतडे असे करत गुदद्वारापर्यंत पोचतात. हा प्रवास चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास संपतो. गर्भातल्या कोणत्याही पेशींनी केलेला हा सर्वांत लांबचा प्रवास मानला जातो.

आतड्यात पोचलेल्या या पेशी वाढून कोट्यवधी चेतापेशी होतात. आपण खाल्लेले पुढे सरकते ते त्यांच्यामुळे. त्या आतड्याच्या स्नायूला आवळायला आणि सैल सोडायला सांगतात. जिथे चेतापेशी नाहीत तिथला स्नायू आवळलेलाच राहतो. दार बंद असल्यासारखे होते आणि मागे मळ साचत जातो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या पेशी तोंडाकडून गुदद्वाराकडे निघालेल्या असतात. वाटेत त्या कमी पडल्या किंवा थांबल्या तर रिकामे राहते ते आतड्याचे शेवटचे टोक. म्हणून हर्शस्प्रंगच्या पाचापैकी चार बाळांत बिघाड मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापुरताच असतो. थोड्या बाळांत पेशी फार लवकर थांबतात आणि आतड्याचा बराच मोठा भाग रिकामा राहतो. मुंबईतली ती बाळे अशी होती.

बटणे लागतात आणि बंद होतात

या पेशींना कुठे जायचे हे कोण सांगते? उत्तर आहे, त्यांच्यातली जनुके. पण जनुके तर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच असतात. डोळ्याच्या पेशीत जी आहेत तीच आतड्याच्या पेशीत आहेत. फरक पडतो तो कोणते जनुक चालू आहे आणि कोणते बंद आहे यामुळे. घरात दिवा, पंखा, मिक्सर, टीव्ही सगळे असते. पण मीटर चालू म्हणून सगळे एकदम चालत नाही. ज्याचे बटण दाबले तेच चालते. जनुक चालू होऊन त्याप्रमाणे पेशीत प्रथिन तयार होऊ लागले की शास्त्रज्ञ म्हणतात, जनुक व्यक्त झाले.

प्रवासी पेशींमध्ये ही बटणे ठरलेल्या क्रमाने लागतात.

सुरुवातीला या पेशी विटांच्या भिंतीसारख्या एकमेकींना चिकटून असतात. चिकटून ठेवणाऱ्या प्रथिनांना कॅडेरिन म्हणतात. निघायची वेळ आली की स्नेल-२ नावाचे जनुक चालू होते. त्याचे काम दुसऱ्यांना बंद करणे. ते चिकटवणाऱ्या कॅडेरिनचे काम कमी करते. भिंतीतली वीट सैल व्हावी तशी पेशी सुटी होते, तिचा आकार बदलतो आणि ती सरकू लागते. १९९४ साली लंडनमध्ये अँजेला निएतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात हे जनुक रोखून पाहिले, तेव्हा पेशी बाहेर पडेनाशा झाल्या.

पेशी निघाली की सॉक्स-१० नावाचे जनुक चालू असते. वाटेवर असलेल्या या पेशींची ही ओळखच म्हणा. ते त्यांना जिवंत ठेवते आणि पुढे काय व्हायचे याची वाट मोकळी ठेवते.

मग फाटे फुटतात. कातडीखालच्या वाटेने गेलेल्या पेशीत रंगाची जनुके लागतात. आतड्याच्या वाटेने गेलेल्या पेशीत फॉक्स-२बी आणि रेट ही जनुके लागतात. रेट जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसते. ते पेशीचा कान समजा. आतड्याची भिंत जीडीएनएफ नावाचे एक प्रथिन सोडत असते. ती हाक समजा. कानाला हाक ऐकू आली की पेशी त्या दिशेने सरकते आणि सरकता सरकता आपली संख्याही वाढवते. मागून भर पडत राहिली तरच पुढच्या पेशी आणखी पुढे जातात. मोर्चात मागची माणसे कमी झाली की पुढची रांगही मंदावते, तसेच हे आहे. त्यातच आतडेही रोज लांब होत असते. म्हणजे पोचायचे ठिकाण दूर दूर जात असते.

कान नीट घडला नाही किंवा हाक कमी पडली तर पेशी कमी वाढतात, मागे राहतात आणि शेवटपर्यंत पोचत नाहीत.

आता मुंबईच्या बाळांचे कोडे सुटते. सॉक्स-१० आणि ईडीएनआरबी ही जनुके रंगाच्या पेशींनाही लागतात आणि आतड्याच्या पेशींनाही लागतात. त्यांत बिघाड झाला तर दोन्ही वाटांवरच्या पेशी अडतात. डोक्यावर बट पांढरी राहते आणि पोटात आतडे हलत नाही. १९९० च्या दशकात ही जनुके सापडली आणि डॉ. शाह यांनी नोंदवलेल्या गोष्टीचे कारण कळले.

हे कळले कसे?

इतक्या बारीक पेशींचा प्रवास कोणी आणि कसा पाहिला, हा प्रश्न मनात येईल. आईच्या पोटात डोकावून तो पाहता येत नाही. कोंबडी, मासा, बेडूक, उंदीर आणि माणूस या पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत या पेशी असतात आणि त्यांची सुरुवात सारखीच होते. म्हणून कोंबडीचे अंडे उपयोगी पडले. कवचाला छोटी खिडकी पाडली की आतला गर्भ दिसतो. उबवायला ठेवल्यापासून साधारण दीड दिवसात या पेशी निघू लागतात.

१८६८ साली विल्हेल्म हिस या स्विस शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गर्भातच या पेशी पहिल्यांदा पाहिल्या. १८९० च्या दशकात ज्युलिया प्लॅट या अमेरिकन स्त्रीने पाण्यात राहणाऱ्या सॅलमँडरच्या गर्भाचा अभ्यास केला. डोक्यातली कूर्चा आणि दातांचा भाग गर्भाच्या बाहेरच्या थरातून येतो, असे तिने लिहिले. तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ मानत होते की हाडे आणि कूर्चा मधल्या थरातूनच येतात. त्यांनी तिचे म्हणणे स्वीकारले नाही. तिला विद्यापीठात नोकरीही मिळाली नाही. तिने संशोधन सोडले, कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या गावात राहून गावाच्या कामात लक्ष घातले आणि १९३१ साली ती त्या गावाची महापौर झाली. तिचे म्हणणे बरोबर होते हे शास्त्राने पुढे मान्य केले.

१९५४ साली यंटेमा आणि हॅमंड या दोघांनी कोंबडीच्या गर्भाच्या मानेजवळच्या या पेशी काढून टाकल्या. त्या पिल्लांच्या आतड्यात चेतापेशी तयार झाल्या नाहीत. आतड्याच्या चेतापेशी मानेकडून येतात हे त्यातून दिसले.

पक्के चित्र दिले ते फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी. त्या आधी शाळेत शिक्षिका होत्या. १९६९ च्या सुमारास त्यांना एक गोष्ट दिसली. लाव्याच्या पेशीचे केंद्रक कोंबडीच्या पेशीपेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसते. मग त्यांनी लाव्याच्या गर्भातला मज्जानळीचा छोटा तुकडा कोंबडीच्या गर्भात तेवढ्याच जागी बसवला. आता लाव्याच्या पेशी जिथे जातील तिथे ओळखू येणार होत्या. त्या आतड्यात सापडल्या. कोंबडीच्या पिल्लाला लाव्यासारखी रंगीत पिसेही आली. कोणती पेशी कुठून निघून कुठे जाते, याचा नकाशा अशा प्रयोगांतून तयार झाला.

फुगलेले आतडे आणि खरा बिघाड

१८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी दोन बाळांची माहिती सांगितली. दोघांना जन्मापासून नीट शी होत नव्हती आणि दोघांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले होते. त्यांच्या नावाने आजार ओळखला जाऊ लागला. पण पुढची साठेक वर्षे डॉक्टर चुकीच्या जागी बघत राहिले. फुगलेला भाग आजारी आहे असे समजून तोच काढला जाई आणि त्रास परत येई.

१९४८ साली अमेरिकेतल्या ऑर्व्हार स्वेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने योग्य शस्त्रक्रिया दाखवली. फुगलेला भाग नुसता मागे साचल्यामुळे फुगतो. खरा बिघाड त्याच्या खाली, दिसायला साध्या आणि अरुंद वाटणाऱ्या भागात असतो. तिथेच चेतापेशी नसतात. तो भाग काढून चांगले आतडे खाली आणून जोडायचे. आजही उपचाराचे तत्त्व तेच आहे, तंत्र मात्र खूप सुधारले आहे. अनेक बाळांत आता पोटावर मोठा छेदही घ्यावा लागत नाही.

१९९४ साली रेट जनुकातल्या बिघाडाचा या आजाराशी संबंध सापडला. पण पुष्कळ रुग्णांत रेट जनुक तपासले तर ते ठीक दिसे. मग बिघाड कुठे होता? २००५ साली अमेरिकेत काम करणारे, कोलकात्यात शिकलेले अरविंद चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जनुकात नाही, तर जनुकाच्या बटणात एक छोटा फरक असतो. दिवा चांगला आहे, पण बटण ढिले असल्यामुळे उजेड मंद पडतो. त्या फरकामुळे रेट कमी प्रमाणात चालू होते. हा फरक आशियातल्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो आणि ज्यांच्यात असतो त्यातले बहुसंख्य लोक पूर्ण निरोगी असतात. असे दोन-तीन छोटे फरक एका बाळात एकत्र आले तरच आजार होण्याची शक्यता वाढते. आई आणि बाप दोघेही धडधाकट असताना बाळाला आजार का होतो, याचे उत्तर यात आहे.

मग दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. हा प्रवास गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत संपतो. तेव्हा अनेक बायांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. कितीतरी जणींना कळलेलेही नसते. त्यानंतर पाचव्या-सातव्या महिन्यात तिने काय खाल्ले, कुठे गेली, कोणाच्या मयतीला गेली, याचा आतड्याशी काही संबंध नाही. जनुके आई आणि बाप दोघांकडून येतात. म्हणून सगळा दोष सुनेच्या माथी मारण्याला शास्त्रात आधार नाही.

ग्रहणाचेही तसेच. दुभंगलेला ओठ घेऊन बाळ जन्मले की आईने ग्रहणात विळी धरली होती का, भाजी चिरली होती का, हे पहिले विचारले जाते. वरचा ओठ घडवणाऱ्या पेशीही याच प्रवासी पेशी आहेत. दोन्ही बाजूंचे भाग साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात एकमेकांना जोडले जातात. ते जोडले गेले नाहीत तर ओठ दुभंगतो. यात जनुकांचा वाटा असतो, काही औषधांचा आणि तंबाखू-धुराचा वाटा असू शकतो. चंद्र-सूर्याच्या सावलीचा नसतो. ग्रहणात गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवण्याने मात्र तिला त्रास होतो.

तंबाखू, मिश्री, दारू ही गरोदरपणात टाळायलाच हवी. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी डॉक्टर देतात. ती गरोदरपणी घेतली तर चेहरा आणि हृदय घडवणाऱ्या या पेशींना इजा होते. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मुरुमांच्या गोळ्या आणू नयेत. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीपासून आणि पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. ती मज्जानळी नीट बंद व्हायला मदत करते. हर्शस्प्रंगचा आजार मात्र तिने टळतो असे नाही. तो टाळण्याचा खात्रीचा उपाय आज नाही. म्हणूनच लवकर ओळखणे हाच आपल्या हातातला उपाय आहे.

एक गोष्ट नात्यातल्या लग्नांविषयी. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. जवळच्या नात्यात आई-बाप दोघांकडे एकच लपलेला जनुकदोष असण्याची शक्यता जास्त असते. वार्डेनबर्ग-शाहचे काही प्रकार असे दोन्हीकडून आलेल्या दोषामुळे होतात. घरात अशी बाळे झाली असतील तर पुढचे लग्न ठरवताना आणि पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना हे जरूर सांगावे.

घरी काय पाहावे

बाळ जन्मल्याची वेळ आणि पहिल्या शीची वेळ कागदावर लिहून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहिली तरी चालेल. साध्या बाळंतपणानंतरही ४८ तास दवाखान्यात थांबावे, अशी शासनाची सूचना आहे. घरी जायची घाई करू नका. सुट्टी देताना नर्सला स्वतःहून सांगा की शी झाली आहे किंवा नाही.

खालील लक्षणे दिसली तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या :

४८ तास उलटूनही पहिली शी नाही. २४ तास झाले असतील तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पोट फुगून कडक झाले आहे, बाळ दूध ओढत नाही.

उलटी हिरव्या रंगाची आहे. हिरवी उलटी ही नेहमीच तातडीची बाब समजावी. सकाळची वाट पाहू नये.

बाळाला ताप, फुगलेले पोट आणि अचानक जोरात होणारे दुर्गंधीयुक्त जुलाब आहेत. हर्शस्प्रंगच्या बाळाच्या आतड्याला सूज आल्याची ही खूण असू शकते. हे जुलाब साधे समजू नका. यात बाळ काही तासांत गंभीर होऊ शकते.

काही बाळे पहिली शी वेळेवर करतात, पण नंतर आठवडे-महिने बद्धकोष्ठ राहते, पोट मोठे दिसते आणि वजन वाढत नाही. त्यांनाही दाखवावे. मात्र फक्त अंगावर पिणारे बाळ महिना-दीड महिन्याचे झाल्यावर कधी कधी काही दिवस शी करत नाही. पोट मऊ असेल, शी पातळच होत असेल, बाळ हसते-खेळते असेल आणि वजन वाढत असेल तर घाबरू नये.

काय करू नये

आपल्याकडे बाळाला शी झाली नाही की पानाचा देठ किंवा साबणाची कांडी तेलात बुडवून शीच्या जागी लावतात. त्यातला धोका समजून घ्या. हर्शस्प्रंगच्या बाळाला असे केले की कधी कधी भसकन शी आणि वारा बाहेर पडतो आणि पोट उतरते. घरच्यांना वाटते, झाले मोकळे. दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा फुगते. असे करत आठवडे जातात आणि आजार झाकला जातो. कोवळ्या जागेला इजा होते ती वेगळीच.

एरंडेल, गुटी, ग्राइप वॉटर पाजू नका. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरेसे आहे. पोटावर बिब्बा किंवा तापलेल्या सळीचे चटके तर मुळीच देऊ नका. चटक्यांनी चेतापेशी येत नाहीत. जखम चिघळते आणि बाळ डॉक्टरांकडे पोचायला उशीर होतो.

उपचार आणि मदत

दवाखान्यात आधी पोटाचा एक्स-रे काढतात. मग गुदद्वारातून औषध सोडून आणखी एक तपासणी करतात. पक्के निदान आतड्याच्या आतल्या भागाचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून होते. चेतापेशी आहेत की नाहीत हे त्यात दिसते. त्यानंतर लहान मुलांचे सर्जन शस्त्रक्रिया ठरवतात. कधी एकदाच होते, कधी आधी पोटावर शीसाठी तात्पुरती वाट काढून काही महिन्यांनी मुख्य शस्त्रक्रिया करतात. पोटावरची ती पिशवी बघून आई-बाप खचतात. पण बहुतेक बाळांत ती थोड्या काळासाठी असते. शस्त्रक्रियेनंतर बहुतांश मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. काहींना बद्धकोष्ठ किंवा शीवर ताबा नसण्याचा त्रास काही वर्षे राहतो. त्यासाठी तपासणीला जात राहावे लागते.

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना शीबद्दल सांगायला लाजू नका. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार मोफत असतात. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. दुभंगलेल्या ओठासारख्या जन्मजात व्यंगांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. कर्ज काढण्याआधी ही चौकशी करा.

पुढच्या वेळी वस्तीत कोणाचे बाळ बघायला जाल, तेव्हा नाक कोणावर गेले हे विचाराच. त्याबरोबर पहिली शी कधी झाली हेही विचारा. आणि नाही झाली असे उत्तर आले, तर त्या आईला एकटीला सोडू नका. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा.